बाळ जगेल का, हे पहिल्याच मिनिटाला मोजायला शिकवणाऱ्या डॉक्टर व्हर्जिनिया ॲपगार

बाळंतपण झालं की दवाखान्यातून जे डिस्चार्ज कार्ड मिळतं, त्यावर बाळाचं वजन लिहिलेलं असतं. ते सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं. त्याच कार्डावर कुठेतरी कोपऱ्यात ‘ॲपगार’ असं लिहून पुढे दोन आकडे टाकलेले असतात. ७ आणि ९, ८ आणि ९, असं काहीतरी. त्यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही.

आमच्या नात्यात एक बाळ तिसाव्या आठवड्यात झालं. वजन सव्वा किलोच्या आत. तेव्हा मी हे आकडे पहिल्यांदा नीट पाहिले. पहिला आकडा होता ४. दहापैकी चार म्हणजे नापासच की, असं वाटून घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले होते. (ते बाळ आता बालवाडीत जातं. डबा संपवत नाही, एवढीच त्याच्याबद्दल तक्रार आहे.)

या ४ चा अर्थ काय, तो कुणी ठरवला आणि इतक्या कमी दिवसांच्या बाळाला तो लागू होतो का, हे शोधायला गेलं की आपण न्यूयॉर्कमधल्या एका भूलतज्ज्ञ बाईंपाशी पोहोचतो.

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म ७ जून १९०९ चा, न्यू जर्सीमधल्या वेस्टफील्ड गावचा. वडील विमा क्षेत्रात नोकरीला, पण जीव सगळा रेडिओ आणि दुर्बिणीत अडकलेला. घरी तारांचं जंजाळ आणि काही ना काही प्रयोग चाललेले असायचे. दुसरीकडे घरात आजारपणही होतं. एक भाऊ लहान वयातच क्षयाने गेला, दुसरा सतत आजारी असायचा. डॉक्टर व्हायचं हे व्हर्जिनिया यांनी शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं.

माउंट होल्योक कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्र घेतलं. पैशांची चणचण होतीच, त्यामुळे मिळेल ते काम करत शिकल्या. त्यातलं एक काम म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी भटकी मांजरं पकडून आणणं. पुढे १९२९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. कर्ज काढून त्या शिकत राहिल्या आणि १९३३ मध्ये वर्गात चौथ्या आल्या.

त्यांना व्हायचं होतं सर्जन. प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये सर्जरीचं प्रशिक्षण सुरूही झालं. हात चांगला होता, पण विभागप्रमुख ॲलन व्हिपल यांनी त्यांना दुसरी वाट धरायला सांगितली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आधीच्या बायकांना सर्जन म्हणून पोट भरता आलं नव्हतं. मंदीचा काळ, डोक्यावर कर्ज आणि बाईकडून ऑपरेशन करून घ्यायला कुणी तयार नाही, असा सगळा मामला होता. व्हिपल यांनी सुचवलेली वाट होती भूलशास्त्राची. तेव्हा अमेरिकेत भूल द्यायचं काम बहुतेक ठिकाणी नर्स करायच्या आणि डॉक्टर मंडळी त्याला स्वतंत्र शास्त्र मानायला फारशी राजी नव्हती.

ॲपगार यांनी ते मान्य केलं. विस्कॉन्सिनला राल्फ वॉटर्स यांच्याकडे जाऊन त्या भूल शिकल्या, मग न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये. १९३८ मध्ये त्या भूल विभागाच्या प्रमुख म्हणून प्रेस्बिटेरियनला परतल्या. तिथे एखाद्या विभागाची प्रमुख बाई असण्याची ती पहिलीच वेळ. पुढची अकरा वर्षं त्यांनी हा विभाग अक्षरशः शून्यातून उभा केला.

१९४९ मध्ये कोलंबियाने भूलशास्त्राला स्वतंत्र विभागाचा दर्जा दिला तेव्हा विभागप्रमुखाची खुर्ची मात्र इमॅन्युएल पॅपर यांना मिळाली. ॲपगार यांना प्राध्यापकपद मिळालं. कोलंबियाच्या मेडिकल कॉलेजात पूर्ण प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या महिला. मानाचं पद होतं, तरी डावललं गेल्याची गोष्ट त्यामुळे लपत नाही.

पण प्रशासनाच्या कटकटीतून त्या सुटल्या आणि प्रसूतिगृहात गेल्या. तिथेच त्यांना त्यांचं खरं काम सापडलं.

त्या काळच्या प्रसूतिगृहाचं चित्र जरा समजून घ्यायला हवं. अमेरिकेत बाळंतपणं घरातून हॉस्पिटलमध्ये आली होती. बाळंतिणींचे मृत्यू घटत होते, वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यूही घटत होते. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतले मृत्यू हटायला तयार नव्हते. त्याचं एक कारण अगदी साधं होतं. बाळ बाहेर आलं की खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष आईकडे असायचं. रक्तस्राव थांबला का, वार पडली का, टाके कसे आहेत. आणि बाळाचं काय, तर नर्स त्याला पुसून गुंडाळून ठेवायची. रडलं तर उत्तम. निळं पडलेलं, लुळं, अगदी चिमुकलं असेल तर ते जगणार नाही असं गृहीत धरलं जाई. अशा किती बाळांची नोंद ‘मृत जन्म’ म्हणून झाली असेल, देव जाणे.

म्हणजे बाळ कोणत्या स्थितीत आहे हे सांगायला सगळ्यांना समजेल अशी भाषाच नव्हती. एका डॉक्टरला जे बाळ ठीक वाटे, तेच दुसऱ्याला गंभीर वाटे.

तर झालं असं की, १९४९ मध्ये एका सकाळी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये नाश्ता चालला होता. एका विद्यार्थ्याने विचारलं की नुकत्याच जन्मलेल्या बाळाची तपासणी नेमकी करायची कशी? ॲपगार यांनी हाताला लागलेल्या कागदावर पाच गोष्टी खरडल्या आणि त्या करून बघायला तडक प्रसूतिगृहात गेल्या.

त्या पाच गोष्टी आजही त्याच आहेत. हृदयाचे ठोके, श्वास, अंगातला ताठरपणा, डिवचल्यावर बाळ देत असलेला प्रतिसाद आणि कातडीचा रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. ठोके मिनिटाला शंभराच्या वर असतील तर २, कमी असतील तर १, नसतीलच तर ०. जोरात रडलं तर श्वासाचे २, अडखळत श्वास घेत असेल तर १. हातपाय दुमडून हलवत असेल तर २, चिंध्यांच्या बाहुलीसारखं लोंबत असेल तर ०. अंग गुलाबी पण हातपाय निळसर असतील तर रंगाचा १. हा शेवटचा गुण पहिल्या मिनिटाला बहुतेक धडधाकट बाळंही गमावतात, म्हणून पैकीच्या पैकी क्वचितच दिसतात. तेव्हा कार्डावर ९ बघून एक गुण कुठे गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

हे सगळं करायचं जन्मानंतर बरोबर एका मिनिटाने, कसलंही यंत्र न लावता. आणि ज्याने बाळंतपण केलं त्याने स्वतः गुण द्यायचे नाहीत, हा ॲपगार यांचा आग्रह. का, ते कळायला अवघड नाही. आपल्याच हातच्या कामाला माणूस जरा हात सैल सोडूनच गुण देतो.

१९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत एका परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. हजारभर बाळांना गुण दिले होते. ८ ते १० गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.१३ टक्के, ३ ते ७ वाल्यांमध्ये १.१ टक्के आणि ० ते २ वाल्यांमध्ये १४ टक्के. पहिल्या मिनिटाला दिलेला एक अंक बाळाच्या जगण्याबद्दल काहीतरी सांगतोय, हे पहिल्यांदाच कागदावर आलं.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. स्टॅनली जेम्स आणि डंकन हॉलडे या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नाळेतलं रक्त तपासायला घेतलं. जन्मताना बाळाच्या रक्तात ऑक्सिजन कमी असणं नैसर्गिकच, अशी तेव्हाची समजूत होती. या मंडळींना दिसलं की कमी गुण मिळालेल्या बाळांचं रक्त जास्त आम्लधर्मी झालेलं असतं. म्हणजे ते गुदमरलेलं असतं आणि त्याला तातडीने श्वास द्यायला हवा. याच कामात आणखी एक गोष्ट बाहेर आली. आईला सायक्लोप्रोपेन नावाच्या वायूची भूल दिली तर बाळं मलूल निघत होती. ही भूल ॲपगार यांची स्वतःची आवडती. आकडे समोर आले तशी त्यांनी ती प्रसूतिगृहात वापरणं सोडून दिलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तिसाव्या आठवड्यातल्या बाळाला ४ गुण मिळाले, तर त्यातून काय समजायचं?

गडबड अशी आहे की, या पाचपैकी तीन गोष्टी बाळ पोटात किती दिवस राहिलं यावरच ठरतात. सव्विसाव्या आठवड्यातल्या बाळाचं अंग मुळातच ढिलं असतं. हातपाय दुमडून धरण्याची ताकद शेवटच्या महिन्यांत येते. डिवचल्यावर शिंकणं, तोंड वाकडं करणं हेही तेव्हाचंच. श्वासाचं तर विचारूच नका. म्हणजे ते बाळ जराही गुदमरलेलं नसलं तरी त्याचे गुण कापले जाणार. पूर्ण दिवसांच्या बाळाला मिळालेले ४ आणि कमी दिवसांच्या बाळाला मिळालेले ४ हे एकच नव्हेत.

मग हा आकडा अशा बाळांसाठी निरुपयोगी आहे का? तसंही नाही. अमेरिकेत डॅलसच्या एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या दीड लाखांच्या आसपास बाळांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २६ ते ३६ आठवड्यांत जन्मलेली १३,३९९ बाळं होती. पाचव्या मिनिटाला ० ते ३ गुण मिळालेल्या कमी दिवसांच्या बाळांमध्ये हजारी ३१५ दगावली होती, ७ ते १० गुणवाल्यांमध्ये हजारी ५. फरक उघड आहे. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा बघा. पूर्ण दिवस भरलेल्या आणि ७ ते १० गुण मिळालेल्या बाळांमध्ये हे प्रमाण होतं हजारी ०.२. म्हणजे गुण तेवढेच चांगले, तरी कमी दिवसांच्या बाळाला धोका २५ पट. कार्डावर ८ लिहिलंय म्हणून सातव्या महिन्यातल्या बाळाबाबत निर्धास्त राहता येत नाही, ते यासाठी.

अशा बाळाचा धोका कशाने ठरतो, याची बरीचशी उत्तरं ॲपगार यांच्या हयातीतच मिळत गेली. काही तर त्यांच्याच आवारात.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आठवडे आणि वजन. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेलं आणि दीड किलोच्या आतलं बाळ जास्त धोक्यात. २८ आठवडे आणि एक किलोच्या खाली हा धोका झपाट्याने वाढतो. आपल्याकडे जुनी माणसं सांगतात की सातव्या महिन्यातलं बाळ जगतं आणि आठव्यातलं जगत नाही. याला काडीचाही आधार नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूने असतो.

दुसरी गोष्ट ऊब. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, त्यामुळे ते काही मिनिटांत गार पडतं. ॲपगार काम करत त्याच आवारातल्या बेबीज हॉस्पिटलमध्ये विल्यम सिल्व्हरमन नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९५८ मध्ये दाखवलं की पेटीतलं तापमान फक्त ४ अंश फॅरनहाइटने वाढवलं, तर शंभरामागे पंधराच्या आसपास बाळं जास्त जगतात. ना औषध, ना ऑपरेशन, फक्त ऊब! पुढे २००७ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की दीड किलोच्या आतल्या बाळाचं अंग दाखल होताना १ अंश सेल्सिअसने जास्त गार असेल, तर मृत्यूची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. बाळ झाल्याझाल्या पुसून, टोपडं घालून छातीशी धरण्यावर डॉक्टर एवढा भर देतात तो याचमुळे.

तिसरी गोष्ट फुप्फुसं. फुप्फुसातले बारीक फुगे श्वास सोडल्यावर चिकटून बसू नयेत म्हणून आत एक साबणासारखा थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो पुरेसा तयार व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. हा थर नसतो म्हणून बाळं गुदमरतात, हे १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. पण इलाज अजून हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २ किलो १०० ग्रॅम. जगातलं सगळ्यात ताकदवान घर, हाताशी लागेल तो डॉक्टर. बाळ ३९ तास जगलं. आजच्या एखाद्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षातही एवढं बाळ वाचण्याची चांगली आशा असते.

१९७२ मध्ये न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी आणखी एक वाट दाखवली. वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली की बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. त्यांच्या अभ्यासात जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातले मृत्यू १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले होते. ही इंजेक्शनं मिळाली की नाही, हाही तेव्हापासून धोक्याच्या हिशेबातला एक मुद्दा झाला.

बाकीचे मुद्दे पटकन सांगतो. मुलगा असेल तर मुलीपेक्षा धोका थोडा जास्त. जुळं-तिळं, आईच्या गर्भाशयातला जंतुसंसर्ग, जन्मजात व्यंग, मेंदूतला रक्तस्राव, हे सगळं आलंच. आणि एक आपल्याकडे फार महत्त्वाचं, ते म्हणजे बाळ जन्मलं कुठे. एवढुशा जिवाला तालुक्याहून जिल्ह्याला हलवण्यापेक्षा आईलाच कळा सुरू झाल्याझाल्या हलवणं केव्हाही बरं. त्याच्यासाठी आईच्या पोटाइतकी चांगली ॲम्ब्युलन्स दुसरी नाही.

इकडे ॲपगार स्वतः १९५९ मध्ये, पन्नाशीला, पुन्हा विद्यार्थी झाल्या होत्या. जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेत असताना ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेने त्यांना बोलावलं. ही मूळची पोलिओविरुद्ध लढणारी संस्था. लस आल्यावर तिने जन्मजात दोषांचं काम हाती घेतलं होतं. ॲपगार यांनी भूल सोडली आणि पुढची पंधरा वर्षं गावोगाव फिरून बोलत राहिल्या. सामान्य लोकांना समजेल असं बोलणं हा त्यांचा हातखंडा होता. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली, हजारो बाळांना त्याची झळ बसली. तेव्हापासून त्यांनी रुबेलाच्या लसीचा आग्रह धरला. १९७२ मध्ये होणाऱ्या आई-वडिलांसाठी सहलेखिकेबरोबर पुस्तकही लिहिलं.

दरम्यान त्यांचा स्कोअर जगभर पोहोचला होता. पाचव्या मिनिटाचा आकडा पहिल्यापेक्षा जास्त बोलका असतो, हे १७ हजारांहून अधिक बाळांच्या अभ्यासातून पुढे आलं. १९६२ मध्ये डेन्व्हरच्या डॉ. जोसेफ बटरफिल्ड यांनी विद्यार्थ्यांना पाठ व्हावं म्हणून ॲपगार या नावाच्या एकेका इंग्रजी अक्षरात त्या पाच गोष्टी बसवल्या. ती युक्ती इतकी चालली की ॲपगार हे माणसाचं नाव आहे, हेच अनेक जण विसरले.

माणूस म्हणून त्या कशा होत्या, तर खिशात चाकू आणि घशात घालायची नळी घेऊन फिरणाऱ्या. रस्त्यात कुणाचा श्वास अडकला तर हाताशी असावं म्हणून. पन्नाशीनंतर विमान चालवायला शिकल्या. आणि व्हायोलिनचं वेड असं की, वाजवण्यावर भागेना म्हणून वाद्यं बनवायलाही शिकल्या. शिकवणारी कार्लीन हचिन्स ही त्यांची पेशंट. या दोघींची एक करामत अमेरिकेत फार रंगवून सांगतात. हॉस्पिटलच्या लॉबीतल्या टेलिफोन बूथमध्ये मेपलच्या सुंदर लाकडाची फळी होती. व्हायोलाच्या पाठीला अगदी तशीच हवी होती. रीतसर मागून मिळेना, तेव्हा १९५७ मध्ये एका रात्री दोघी दुसरी फळी घेऊन तिथे गेल्या. ॲपगार पहाऱ्यावर, हचिन्स बूथमध्ये. नवी फळी किंचित लांब निघाली, म्हणून हचिन्स यांनी ती बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन करवतीने कापली.

७ ऑगस्ट १९७४ रोजी, ६५ व्या वर्षी, यकृताच्या आजाराने त्या गेल्या. जिथे शिकल्या, जिथे शिकवलं, त्याच हॉस्पिटलमध्ये.

कमी दिवसांच्या बाळांसाठी पुढे वेगळी मोजपट्टी आली. १९९३ मध्ये दीड किलोपर्यंतच्या बाळांसाठी ‘क्रिब’ नावाचा स्कोअर निघाला, २००३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती. त्यात आठवडे, वजन, मुलगा की मुलगी आणि दाखल होतानाचं तापमान बघतात. पाचवी गोष्ट म्हणजे रक्त किती आम्लधर्मी झालंय ते. ॲपगार यांचे गुण या यादीत नाहीत. पण त्या आणि जेम्स मिळून जे नाळेच्या रक्तात शोधत होते, ते आहे. आणि एकट्या ॲपगार स्कोअरवरून एखाद्या बाळाचं भवितव्य ठरवू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. प्रसूतिगृहात मात्र त्या गुणांची जागा अजून कुणी घेतलेली नाही.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने २० सेंटच्या तिकिटावर त्यांचा चेहरा छापला. त्या स्वतःही तिकिटं जमवायच्या. प्रकाशन डॅलसमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात झालं. तिथे डॉक्टरांनीच ॲपगार यांनी बनवलेली चार वाद्यं वाजवली. त्यातल्या व्हायोलाची पाठ टेलिफोन बूथच्या फळीची होती.